शून्य गृहीतकाचा निरास : अर्थ आणि मर्यादा

संख्याशास्त्रीय कसोटीचा निकाल वाचताना होणारी चूक बहुधा गणितात नसून भाषेत असते. पुण्यात २००८ साली झालेली फलज्योतिषाची चाचणी या दृष्टीने उद्‌बोधक आहे. डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी हुशार विद्यार्थ्यांच्या १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० कुंडल्या जमविल्या. प्रत्येक ज्योतिष्याने ४० कुंडल्यांचे गट ओळखावयाचे होते. २७ जणांनी उत्तरे धाडली. २८ उत्तरे बरोबर आली, तरच ‘ही निव्वळ नाणेफेक आहे’ हे शून्य गृहीतक त्याज्य ठरणार होते. सर्वाधिक बरोबर उत्तरे २४ आली.

समजा, एखाद्याने २८ चा पल्ला गाठला असता, तर काय सिद्ध झाले असते? नाणेफेकीने २८ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे ०.००८ आहे. ही गृहीतक खरे असण्याची संभाव्यता नव्हे. गृहीतक खरे मानल्यास असा निकाल किती दुर्मिळ, एवढेच ती सांगते. शिवाय परीक्षार्थी २७ होते. त्यांपैकी निदान एकाला केवळ दैवयोगाने यश लाभण्याची संभाव्यता सुमारे ०.२०, म्हणजे पाचांत एक, होते. तेव्हा एकट्याचा विजय हा शास्त्राचा विजय ठरला नसता.

निरास झाल्यानेही पर्यायी गृहीतकांपैकी कोणते खरे हे ठरत नाही. दोन्ही गटांची जन्मवर्षे भिन्न असतील, तर शनीच्या राशीवरूनही गट ओळखण्यास वाव राहतो. ग्रहांचा बुद्धीवरील प्रभाव त्यासाठी मानावा लागत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. निरास न होणे म्हणजे गृहीतक सिद्ध होणे नव्हे. ज्याचे कौशल्य खरोखर शेकडा ५५ आहे, तोही या कसोटीत शंभरांत सुमारे ९६ वेळा अनुत्तीर्ण होईल. तथापि ज्योतिष्यांचा दावा इतका माफक कधीच नसतो; त्या मोठ्या दाव्यापुरता चाचणीचा निष्कर्ष भक्कम आहे. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासून १०२ उत्तरे बरोबर दिली, हेही त्यास पोषकच होय.

हा विवेक फलज्योतिषापुरता नाही. मारेगावसारख्या कापसाच्या तालुक्यात दोन वाणांच्या उत्पन्नातील फरक सार्थ ठरला, तरी तो बियाण्याचा वाढीव खर्च भरून काढील काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर फरकाच्या परिमाणात शोधावे लागते.