संन्यास आणि शेजारी : ‘स्मृतिचित्रे’च्या कसोटीवर

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात विरक्त पुरुष कोणास अनोळखी नाही. निपाणीनजीकच्या भोज गावच्या घराण्यात वाढलेल्या आचार्य शांतिसागरांनी विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेस नवे चैतन्य दिले. बेळगावच्या नागनूर रुद्राक्षी मठाने गोरगरीब विद्यार्थ्यांस अन्न व आसरा दिला. जिल्ह्यातील देशनूर येथे येशूसंघीय धर्मगुरूंनी विरक्त मठाची राहणी स्वीकारून ख्रिस्ताची सेवा केली. आमच्या प्रॉटेस्टंट व्यासपीठांवरून मात्र मठवासाविषयी बहुधा एकच प्रश्न ऐकू येतो : ज्याने जग सोडले तो शेजाऱ्यावर प्रीती करावयास शिकणार कोठे? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर आपण फार घाईने देतो, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाची परीक्षा करण्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतका प्रामाणिक मराठी ग्रंथ दुसरा नाही. 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ विनोदासाठी व भाषेच्या साधेपणासाठी वाखाणला जातो. त्यात ख्रिस्ती संन्यासाची एक कठोर समीक्षा दडलेली आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा; मधल्या काळात ताटातुटीचे दुःख. पुढे 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस तेथे स्थान होते. 1919 मध्ये टिळक प्रभुवासी झाले व दरबार फार काळ टिकला नाही.

दारी आलेल्यास असेल ते देऊन टाकणारे टिळक या ग्रंथात भेटतात. त्यांच्यामागे, आता घर कसे चालवावे या विवंचनेत उभ्या असलेल्या लक्ष्मीबाईही भेटतात. त्याग एकाचा आणि त्याचे ओझे दुसऱ्याचे, हे सत्य लेखिका पतीची निंदा न करता आणि त्यांचा देव्हाराही न मांडता सांगते. त्यांची स्वतःची वाट निराळी होती. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईंनी जातिभेद हळूहळू, झगडून टाकला. परक्यांची लेकरे पदराखाली घेतली. टिळक सोडण्यातून प्रीतीकडे गेले; लक्ष्मीबाई स्वीकारण्यातून गेल्या. आम्हांस दुसरी वाट अधिक खडतर वाटते.

नवल हे की, मठवासाच्या थोर आचार्यांचे मतही याहून फारसे भिन्न नाही. चौथ्या शतकातील संत बासिल एकांतवासी साधकास विचारतात की, तू एकटाच राहिलास तर पाय कोणाचे धुशील? सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट आपल्या नियमावलीत मठवाशाकडून त्याच समूहात अखेरपर्यंत राहण्याचे व्रत घेववितात आणि बंधूंच्या देहाचे व स्वभावाचे दोष धीराने सोसण्यास सांगतात. म्हणजे मठ ही शेजाऱ्यापासून सुटका नव्हे. आपण न निवडलेला शेजारी रोज समोर ठेवणारी ती शाळा आहे. ज्या संन्यासात असा शेजारी नाही, त्यात उत्कटता असेल, पण प्रीतीचा अभ्यास घडणे कठीण. दरबाराची वीण नियमापेक्षा एका तेजस्वी व्यक्तीवर अधिक अवलंबून होती. त्याच्या अल्पायुष्याचे एक कारण आम्हांस येथे दिसते.

टिळकांचे चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. मिशनऱ्याचा बंगला व देशी उपदेशकाचे घर यांत मोठे अंतर असलेल्या त्या काळी संघात इंग्रज व भारतीय बंधू एका छताखाली राहिले, एका पंक्तीस जेवले. पुढे संघाचा आश्रम पुण्यास उभा राहिला. संघातही सारे सुरळीत नव्हते. ब्रह्मचर्यव्रताच्या प्रश्नावरून 1934 मध्ये वाटा वेगळ्या झाल्या. तथापि 1970 नंतरच्या दशकात त्याच पुण्याच्या आश्रमात अँग्लिकन व रोमन कॅथलिक भगिनींनी एकत्र राहून साधना पुन्हा सुरू केली. नियम होता, जागा होती, म्हणून पुन्हा आरंभ करता आला.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. सीमाभागातील पाळकास मठात जाण्याची गरज नाही. न निवडलेला शेजारी त्याला देवाने आधीच दिला आहे. एकाच गावात मराठीत प्रार्थना करणारा बंधू आहे आणि कन्नडमध्ये करणाराही आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून धुळीने माखून परतणारी, घरी विड्या वळणारी भगिनी आहे. तिच्यावरील करुणा केवळ नाताळच्या वर्गणीतून शिकता येत नाही. तिच्या उंबरठ्याशी वारंवार जावे लागते. तिच्या हातचे पाणी घ्यावे लागते. तिने आपली चूक दाखविली तर ऐकून घ्यावी लागते.

योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने कमरेस रुमाल बांधला, तेव्हा त्याचा विश्वासघात करणाराही त्या पंक्तीत होता. त्याचेही पाय धुतले गेले. पाळक व उपदेशक बंधूंनी ‘स्मृतिचित्रे’ या अध्यायाजवळ ठेवून पुन्हा वाचावे, आणि आपल्या त्यागाचे ओझे घरात व मंडळीत कोण वाहत आहे, हे प्रथम विचारावे, अशी आमची विनंती आहे.