मोगली अरण्यातच का राहिला?

बालपणी पाहिलेल्या कार्टूनपटाचा नवा अवतार पाहताना रूप आणि आशय ही दोन्ही ताडून पाहावी लागतात. डिस्ने संस्थेचा १९६७ चा ‘द जंगल बुक’ आणि जॉन फाव्रो यांनी दिग्दर्शित केलेला २०१६ चा त्याच नावाचा चित्रपट यांची तुलना केली, तर रूपात नव्याची सरशी आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. संगणकाने घडविलेला शेरखान केसन् केस खरा वाटतो. लॉस अँजलिसच्या स्टुडिओत निर्मिलेले अरण्यही सजीव भासते.

परंतु शेवट पाहावा. जुन्या चित्रपटात पाणी भरावयास आलेल्या मुलीमागून मोगली गावात जातो. बघीरा आणि बल्लू माघारी वळतात. नव्या चित्रपटात तो अरण्यातच राहतो. किपलिंगच्या कथांतही अखेरीस त्याला माणसांकडे जावेच लागते.

बालपण सोडावे लागते, हे जुना चित्रपट हसतखेळत सांगून गेला. नव्याला ते सांगवत नाही. कारण तो बालकांपेक्षा बालपणाच्या आठवणीत रमणाऱ्या प्रौढांसाठी रचलेला आहे, असे आमचे मत आहे. दरवर्षी मुलांना निरोप देणाऱ्या आम्हां शिक्षकांस जुना शेवटच अधिक खरा वाटतो.