फ्लॅममधील हस्तक्रमाची निवड : वाद्यवृंदातील स्नेअर ड्रमच्या संदर्भात

फ्लॅम म्हणजे मुख्य आघाताच्या किंचित आधी दुसऱ्या हाताने केलेला हलका आघात. कणस्वराशी नाते सांगणारा. स्वरलेखनात तो छोट्या स्वरचिन्हाने दाखवला जातो, मात्र मुख्य आघात कोणत्या हाताचा हे रचनाकार सहसा सांगत नाही. तबल्यात बोलच बहुतांशी हात ठरवतो. येथे दोन्ही काठ्या एकाच पृष्ठावर पडतात. त्यामुळे निवड वादकावर येते, आणि ती बहुधा सवयीने केली जाते.

या सवयीचे मूळ लष्करी ढोलवादनात आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रुडिमेंटल ड्रमर्स या अमेरिकी संस्थेने प्रमाणित केलेल्या २६ मूलबंधांत फ्लॅमचा समावेश होता, आणि तो आलटून पालटून, उजवा-डावा असा घोटला जातो. दोन्ही हात समर्थ व्हावेत यासाठी ही शिस्त योग्यच. पण सभागृहात तिला नियम मानणे हे साधनालाच साध्य मानण्यासारखे आहे. या क्रमात उंचावरून आलेली उजवी काठी पृष्ठालगत रोखावी लागते, कारण पुढचा हलका आघात तिचाच असतो. डावी मात्र हलका आघात करून लगेच वर न्यावी लागते. रोखण्यात जरा ढिलाई झाली की हलका आघात जड होतो. शिवाय दोन हातांचा नाद सहसा तंतोतंत सारखा नसतो. म्हणून सलग फ्लॅम दोन रंगांचे ऐकू येतात.

मुख्य आघात सतत एकाच हाताने केल्यास काठ्यांच्या उंची बदलत नाहीत व नाद एकसंध राहतो. वाद्यवृंदासाठी हा पर्याय प्रथम विचारात घ्यावा, हे मत सार्थ आहे. पण त्याचाही हट्ट होऊ शकतो. लय वाढली की प्रत्येक जड आघात एकाच हातावर येतो, मनगट आखडते आणि दोन आघात एकत्र पडून फ्लॅम सपाट होतो.

निर्णायक ठरते ती मधल्या आघातांची संख्या. मात्रेत चार समान आघात असून पहिल्यावर फ्लॅम असेल, तर साध्या आलटून पालटून वादनातही तो दर वेळी उजव्यावरच येतो. प्रश्नच उरत नाही. तीन आघात असतील तर तो हात बदलतो. तेथे उजवा राखायचा तर एका हाताचे दोन आघात सलग घ्यावे लागतात, आणि फ्लॅमची एकसंधता मिळवताना मधले आघात असमान होण्याचा धोका पत्करावा लागतो. मध्यम लयीत हा सौदा तोट्याचा वाटतो.

जाक देलेक्लूझ यांच्या १२ अभ्यासरचना (१९६४) निवडचाचण्यांत वारंवार मागितल्या जातात. त्यांतील मंद आवाजाच्या जागी मुख्य काठीच फार वर जात नाही. हलक्या काठीशी तिचे अंतर काही सेंटिमीटरचेच उरते. तेथे दोन्ही टोके कडेजवळ, शेजारी-शेजारी पडणे हे हाताच्या क्रमापेक्षा अधिक मोलाचे ठरते. अनेक अमेरिकी वाद्यवृंदांच्या चाचण्यांत, निदान सुरुवातीच्या फेऱ्यांत, उमेदवार पडद्याआड वाजवतो. परीक्षकांना हात दिसत नाहीत. सपाट झालेला एक फ्लॅम मात्र लगेच ऐकू येतो.