एक हजाराची हमी आणि पायलट: एका सरकारी प्रसिद्धीपत्रकाचं वाचन

ज्यांच्या संशोधन प्रस्तावात ‘सामाजिक सुरक्षा’, ‘कर्मचारी कल्याण’, ‘निवृत्तीनंतरचे लाभ’ असे शब्द आहेत, त्यांनी ही पोस्ट जरा सावकाश वाचा. आज परीक्षण पुस्तकाचं नाही, पेपरचंही नाही. एका छोट्याशा सरकारी प्रसिद्धीपत्रकाचं आहे. अशी पत्रकं आपण प्रबंधात ‘प्राथमिक साधन’ म्हणून बिनधास्त वापरतो. तारीख असते, आकडे असतात, वर सरकारी शिक्का. अजून काय पाहिजे?

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला टाटांकडे गेली. त्याच सुमारास कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेनं, म्हणजे आपल्या पीएफ ऑफिसनं, हे पत्रक काढलं. एअर इंडियाचे कर्मचारी १ डिसेंबर २०२१ पासून पीएफच्या १९५२ च्या कायद्याखाली आले, ही त्यातली बातमी. डिसेंबर महिन्याची वर्गणी ७,४५३ कर्मचाऱ्यांची भरली गेली. मालकाचा वाटा १० टक्के होता तो १२ झाला. किमान १,००० रुपये पेन्शनची हमी, मृत्यू झाल्यास कुटुंबाला पेन्शन, शिवाय अडीच ते सात लाखांचा विमा.

या पत्रकातली सगळ्यात मोलाची ओळख मात्र लाभांच्या यादीत नाही. ती खाली ‘पूर्वीची स्थिती’ सांगताना सहज येऊन जाते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन्ही कंपन्या १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्याखाली होत्या. त्यात पीएफ होता, पण कायद्यानं बांधलेली पेन्शन नव्हती. कर्मचारी स्वतःच्या वर्गणीच्या योजनेत पैसे घालत आणि त्या साठ्यातून त्यांना पुढे रक्कम मिळे.

थांबा इथं. सरकारी विमान कंपनीचा पायलट म्हणजे सरकारी पेन्शनवाला, असं आपण धरून चालतो. तसं नव्हतं. कंपनी सरकारची, पण पायलटची पेन्शन तलाठ्याच्या किंवा जुन्या प्राध्यापकाच्या पेन्शनसारखी नव्हती. जवळजवळ सात दशकं सरकारी मालकीच्या राहिलेल्या कंपनीबद्दलची ही गोष्ट पत्रक ओझरती सांगतं, कारण तिथं जुन्याची उणीव दाखवून नव्याचा मोठेपणा सांगायचा आहे. साधन वाचताना लेखकाला जे सांगायचंय त्याच्या शेजारी काय पडलंय तेही बघायचं, असं मार्गदर्शक सांगतात ना, ते हेच.

आता मुख्य तक्रार. कळंब्यात ज्यांच्या घरी एसटीतून निवृत्त झालेलं माणूस आहे, त्यांना ‘ईपीएस-९५’ समजावून सांगावं लागत नाही. तीच ही पेन्शन योजना. १,००० रुपये किमान पेन्शन त्यात २०१४ पासून आहे. ती ७,५०० करा म्हणून बुलढाण्यातून उभं राहिलेलं आंदोलन तुम्ही पेपरात वाचलं असेल. म्हणजे ज्या हजार रुपयांना एसटीचा निवृत्त कंडक्टर चेष्टा म्हणतो, तेच इथं लाभ म्हणून मांडलेत, आणि ज्या ७,४५३ लोकांसमोर मांडलेत त्यात जंबो विमानाचे कमांडरही आहेत.

बरं, ते त्यांना मिळतात तरी का? योजनेचा मजकूर उघडा. सप्टेंबर २०१४ च्या दुरुस्तीनंतर जो पहिल्यांदाच पीएफचा सभासद होतो आणि ज्याचा पगार महिना १५,००० रुपयांपेक्षा जास्त आहे, त्याला ईपीएस-९५ चं सभासदत्व नाही. पगार म्हणजे इथं मूळ वेतन आणि महागाई भत्ता. एअर इंडियाचे लोक या कायद्याखाली आले डिसेंबर २०२१ मध्ये. पायलटचं मूळ वेतन १५,००० च्या आत बसणार नाही हे सांगायला अभ्यास लागत नाही. नियम लिहिलाय तसा वाचला, तर हमीच्या पेन्शनच्या दारातूनच पायलट परत जातो. फक्त पायलट नाही, त्या मर्यादेवरचा प्रत्येकजण. ७,४५३ पैकी मर्यादेखाली किती, हा आकडा पत्रकात असायला हवा होता. तो नाही.

समजा, एखाद्याला या योजनेत घेतलंच. तरी मासिक पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि योजनेतली वर्गणी ५८ व्या वर्षी थांबते. मागची सेवा धरली नाही तर १ डिसेंबर २०२१ ला पन्नाशी गाठलेल्या माणसाची आठच वर्षं भरतात. त्याला महिन्याची पेन्शन नाही, एकरकमी परतावा. आणि पूर्ण ३५ वर्षं भरली तरी सूत्र काय सांगतं? पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,०००. उत्तर ७,५००. यादीत सगळीकडे ‘किमान’ हा शब्द आहे, पण पायलटची गाठ पडते ती ‘कमाल’शी. ग्रॅच्युइटीत तेच. कायद्यानं देणं बंधनकारक असलेली रक्कम २०१८ पासून २० लाखांवर थांबते. उदाहरणापुरतं तीन लाख वेतन धरलं, तर पंधरा भागिले सव्वीसच्या हिशोबानं बाराव्या वर्षीच ती मर्यादा गाठली जाते. पुढच्या वीस वर्षांचं मोल कायद्याच्या लेखी शून्य. कंपनीनं जास्त दिलं तर दिलं.

पत्रकाला द्यायचं ते श्रेय देऊया. दोन टक्क्यांची वाढ खरी आहे. विमाही खरा आहे, तो पगाराची मर्यादा न बघता पीएफच्या सभासदाला लागू होतो. पण दोन टक्के कशावर, हेही विचारा. पायलटच्या कमाईतला मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर मिळणारा भत्ता असतो. पीएफ मोजला जातो तो मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर. महिन्याच्या कमाईचा आकडा घेऊन त्यावर १२ टक्के काढाल, तर तुमचा तक्ता पहिल्या ओळीपासून चुकेल.

‘निवृत्ती’ हा शब्दसुद्धा इथं सरळ नाही. एअर इंडियात २०२२ मध्ये निवृत्तीचं वय ५८ होतं. पण आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेनं २००६ मध्ये दोन वैमानिकांच्या व्यावसायिक विमानासाठी वयाची मर्यादा ६० वरून ६५ केली. कंपनी तेव्हा घरी पाठवायची ५८ ला, आकाश बंद व्हायचं ६५ ला. टाटांकडे गेल्यावर २०२२ मध्येच कंपनीनं निवृत्त पायलटांना परत बोलवायला सुरुवात केली. उलट वैद्यकीय चाचणीत नापास झालेला माणूस ४५ व्या वर्षीही जमिनीवर येतो. तुमच्या प्रश्नावलीत ‘निवृत्तीचे वय’ असा एकच रकाना असेल, तर या तिघांना कुठं बसवणार?

आणि पत्रकात प्रवासाचा उल्लेखच नाही. पीएफ ऑफिसचं ते कामही नाही, हे मान्य. पण विमान कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाशी बोला, पाच मिनिटांत विषय ‘पॅसेज’वर येतो: वर्षाला किती तिकिटं, बायकोला-नवऱ्याला धरून की वेगळी, जागा पक्की की विमानात रिकामी राहिली तरच. रिकाम्या जागेवरचं तिकीट म्हणजे बॅग घेऊन विमानतळावर जायचं आणि शेवटच्या क्षणी नाव पुकारलं तर चढायचं. वर कर आणि शुल्क बऱ्याचदा स्वतःच भरायचं. दुसऱ्या कंपन्यांच्या विमानातही सवलत मिळते, पण ती कंपन्यांच्या आपसातल्या करारावर.

बाहेरून हे सगळं चैनीचं दिसतं. ‘लाखांत पगार, वर फुकट विमान, यांची कसली सामाजिक सुरक्षा?’ असा प्रश्न व्हायव्हात येणारच. त्याला सहानुभूतीनं उत्तर देऊ नका. लाभ कशावर उभा आहे ते दाखवा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी कायद्यावर उभी आहे. पॅसेज उभा आहे कंपनीच्या धोरणावर, परिपत्रकावर. एसटीच्या निवृत्त माणसाचा मोफत पासही परिपत्रकावरच चालतो. विमान आणि लालपरी या एका बाबतीत सख्खी भावंडं आहेत.

हा फरक किती महागात पडतो ते मुंबईतच दिसलं. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कर्मचाऱ्यांनी पीएफ आणि ग्रॅच्युइटी मागितली. अपील न्यायाधिकरणानं २०२२ मध्ये ती द्यायला सांगितलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. पैसे हातात पडायची वाट लांबत गेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये तर न्यायालयानं कंपनी अवसायनात काढायला सांगितली. पण निदान मागणीला कायद्याचं नाव होतं. तिकिटांच्या सवलतीचं काय? जी कंपनी उडतच नाही, तिच्या रिकाम्या जागेवर हक्क कोण सांगणार!

तेव्हा या विषयावर काम करणार असाल तर पत्रक टाकून देऊ नका, फक्त त्याला एकटं ठेवू नका. शेजारी १३ जानेवारी २०२२ ची राजपत्रातली अधिसूचना ठेवा, ईपीएस-९५ चा सहावा परिच्छेद ठेवा, आणि ज्याची मुलाखत घेणार त्याचं नेमणूकपत्र मागा. मुलाखतीत ‘तुम्हाला कोणते लाभ मिळतात?’ असं विचारलंत तर पत्रकासारखीच यादी मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘यातलं उद्या बंद झालं, तर तुम्ही कोणता कागद घेऊन कुठं जाल?’ उत्तराआधी माणूस किती वेळ गप्प बसतो, तेही टिपून ठेवा.