निश्चल, सुगंधी, विघटित : तीन संज्ञांची चिकित्सा

पाषाण-सूस हा परिसर सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. पाषाण येथे १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा स्थापन झाली. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह तिच्याच आश्रयाने वाढला. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या सूक्ष्मजीव-संग्रहास २०११ साली बुडापेस्ट करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. असे कार्य इतक्या निकट चालले असता त्याविषयीचे मराठी लेखन सैल संज्ञांवर विसंबून राहावे, हे उचित नव्हे. आधारद्रव्यात बांधलेल्या जीवाणूंकडून ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन प्रदूषकांचा नाश करविणे, या विषयातील तीन शब्द येथे तपासावयाचे आहेत.

पहिला ‘सुगंधी’. ॲरोमॅटिक या नावाचे मूळ गंधात आहे खरे. परंतु १८६५ साली केकुले याने बेंझीनच्या वलयाची कल्पना मांडल्यानंतर संज्ञेचा आशय रचनेकडे वळला. ‘वलयी’ म्हणावे तर सायक्लोहेक्झेनही वलयीच आहे, पण ॲरोमॅटिक नव्हे. तेव्हा मूळ शब्द स्वीकारून त्याची व्याख्या देणे हाच निर्दोष मार्ग होय. नॅफ्थॅलीनला ‘डांबराची गोळी’ म्हणणाऱ्या गृहिणीने निदान त्याचे उगमस्थान तरी अचूक सांगितले आहे.

दुसरा ‘निश्चल’. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात जीवाणू मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडले असता साबुदाण्यासारखे मणी बनतात. मण्यातील जीवाणू वाहून जात नाहीत, विषारी द्रव्याच्या आघातापासून काही अंशी बचावतात आणि पुनःपुन्हा वापरता येतात. तथापि ऑक्सिजन व प्रदूषक मण्याच्या गाभ्यापर्यंत सावकाश पोचतात, ही त्या पद्धतीची मर्यादा. येथे स्थलांतर थांबते, चयापचय थांबत नाही. याउलट १९७३ साली जपानमधील तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता व सहकाऱ्यांनी ॲस्पार्टिक आम्लाच्या उत्पादनासाठी जे जीवाणू बांधले, त्यांच्यातील एका विकराची क्रिया टिकणे एवढेच पुरेसे होते. पेशी जिवंत असण्याची गरज नव्हती. ‘निश्चल’ हा शब्द या दोन अवस्थांतील भेद पुसून टाकतो. म्हणून ‘बद्ध जीवाणू’ ही सामान्य संज्ञा ठेवून, आवश्यक तेथे ‘बद्ध व जीवित’ असे स्पष्ट म्हणावे.

तिसरा ‘विघटन’; आणि खरा धोका येथेच आहे. नॅफ्थॅलीनच्या वलयात जीवाणू प्रथम ऑक्सिजनचे दोन अणू घालतात. पुढे सॅलिसिलिक आम्ल, मग कॅटेकॉल, आणि त्यानंतर वलय फुटून कार्बन डायऑक्साइडपर्यंतची वाटचाल. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर क्रिया अडली तरी मूळ द्रव्य नाहीसे झालेलेच दिसते. अशा वेळी ‘नव्वद टक्के विघटन’ असे लिहिले, तर वाचक पाणी निर्विष झाले असे समजतो. वस्तुतः कॅटेकॉल स्वतःच विषारी आहे. मूळ द्रव्याचा लोप, रूपांतर आणि खनिजीकरण या तीन घटना आहेत. त्यांस तीन शब्द हवेत, आणि कोणती घटना मोजली ते प्रबंधात सांगितलेच पाहिजे.

परिभाषा हा विज्ञानाचा अलंकार नव्हे, ते त्याचे माप होय. माप खोटे असले तर तोललेले धान्य कितीही उत्तम असो, हिशेब चुकतोच. नदीकाठच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यास त्या चुकीचे मोल द्यावे लागते, आणि आपल्या प्रबंधांची भाषा तपासून पाहण्याची संधी त्यास कधीच मिळत नाही.