करड्या रंगांची पारख

भडक रंगाची निंदा करणे सोपे आहे. तिला धैर्य लागत नाही आणि नजरही लागत नाही. लाल भिंतीत हिरवा दरवाजा पाहून नाक मुरडणारे सद्गृहस्थ आपल्या समाजात पुष्कळ आहेत. परंतु दोन राखी छटा पुढे ठेवून, यांतली कोणती घ्यावी व का घ्यावी, असे विचारले म्हणजे त्यांपैकी बहुतेकांची रसिकता तेथेच थबकते. 'दोन्ही सारख्याच' हे उत्तर ठरलेले असते. आमच्या मते अभिरुचीची खरी परीक्षा याच ठिकाणी आहे. ज्यांना आपण उदासीन म्हणून बाजूस सारतो, ते पांढुरके, राखी, करडे, मातकट आणि काळसर रंगच घराचा, वस्त्राचा आणि गावाचा मोठा भाग व्यापून असतात. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या कारागिरांचे पुष्कळ उत्तम काम तर याच रंगांत झालेले आहे. ते काम आज बेफिकीर निवडीने विद्रूप होऊ लागले आहे. म्हणून हा विषय केवळ चोखंदळ माणसांच्या करमणुकीचा राहत नाही.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहावे. राखी हा राखेचा रंग, पारवा हा पारव्याच्या पिसांचा, मातकट मातीचा, गव्हाळ गव्हाचा. बदामी, मोतिया, हस्तिदंती हेही तसेच. यांतील प्रत्येक नाव वस्तूवरून आलेले असून त्या रंगाचा ओढा कोणीकडे आहे हे ते सांगून टाकते. पारवा म्हटले की निळसर झाक डोळ्यांपुढे येते. मातकट म्हटले की तांबूस-पिवळी. आता दुकानात 'ग्रे' आणि 'क्रीम' असे दोनच शब्द चालतात आणि या साऱ्या छटा त्या दोन पेट्यांत कोंबल्या जातात. शब्द गेला की भेद पाहण्याची सवयही त्याच्यामागोमाग जाते.

मग भेद ओळखावा कसा? अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकला-शिक्षकाने 1905 साली रंगांच्या गणनेवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची पद्धत साध्या मराठीत मांडायची तर कोणत्याही रंगाला तीन प्रश्न विचारावेत : तो किती उजळ अथवा गडद आहे? त्याचा कल कोणत्या रंगाकडे आहे? आणि तो कल किती जोराचा आहे? करड्या रंगांत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेहमी 'अगदी थोडा' असेच येते. म्हणून लोक दुसरा प्रश्न विचारावयाचेच विसरतात. वस्तुतः सारा खेळ त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. आपल्या घरांतील स्त्रियांना हे शास्त्र पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. धुतलेल्या धोतराला नीळ देताना त्या दुसरे काय करीत असतात? पांढऱ्याचा कल पिवळ्याकडे गेला हे ओळखून त्याला निळ्याकडे जरा ओढून घेतात. नीळ अधिक झाली तर तेही त्यांना तत्काळ दिसते.

परंतु रंग एकटा पाहून त्याचा कल कळत नाही. तो शेजाऱ्यामुळे कळतो. पॅरिसच्या गोबेलँ या प्रसिद्ध विणकरशाळेत शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून रंगखात्याचा प्रमुख होता. तेथील काळा रंग फिका उतरतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याने ती लोकर दुसरीकडच्या लोकरीशी ताडून पाहिली. दोष रंगात निघाला नाही. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला गेल्यामुळे तो काळा निस्तेज भासत होता. या शोधावरचा त्याचा ग्रंथ 1839 साली निघाला, आणि पुढे युरोपच्या चित्रकारांनी त्याचा अभ्यास केला.

जी गोष्ट शेव्रलला प्रयोगाने सिद्ध करावी लागली, ती आमच्या माणदेशातील आणि जत-आटपाडीकडील सणगराच्या हातात सवयीने आलेली आहे. त्याचे घोंगडे पाहावे. अस्सल घोंगड्यात रंगवलेले सूत नसते; धनगराच्या मेंढीने दिलेली काळी, करडी, तपकिरी व पांढरी लोकर एवढेच त्याचे भांडवल. कारागिराची कला रंग चढवण्यात नसून निवडण्यात आहे. कोकराची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, ती मऊ असते. पुढे वयाबरोबर काळ्या लोकरीत करडेपणा उतरतो, आणि उन्हाने तिची टोके तपकिरी होतात. म्हणजे 'काळी' या एका नावाखाली चार रंग एकत्र येतात. चांगला विणकर ते निवडून वेगळे करतो व एका पट्टीत एकाच जातीचा काळा ठेवतो. आणि जेथे भेद दाखवावयाचा तेथे काठाला पांढरी रेघ घालून तो मोकळेपणाने दाखवतो. निम्मा काळा व निम्मा काळपट असा संशय तो कोठे राहू देत नाही. आम्हांस घोंगड्यात जो भारदस्तपणा वाटतो त्याचे बीज येथे आहे.

यावरून या लेखाचा मुख्य सिद्धान्त निघतो. दोन उदासीन रंग शेजारी ठेवावयाचे असतील तर ते एक तर एकच असावेत, नाही तर उघड निराळे असावेत. जवळजवळ सारखे रंग हे फसलेल्या नकलेसारखे दिसतात.

या कसोटीवर कृष्णाकाठचे दगडी काम घासून पाहावे. वाईस गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देवालय, मेणवलीचा नाना फडणिसांचा घाट, आणि त्याच नदीच्या काठी खाली सांगलीस पटवर्धनांनी उभारलेले गणपतीचे मंदिर : या सर्वांचे मूळ द्रव्य काळा पाषाण. हा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला आहे. नुकताच फोडला की तो निळसर काळा दिसतो. पावसापाण्याने त्याच्यावर तपकिरी साय धरते. घाटाच्या पायरीवर भिजला की गडद होतो आणि वाळला की राखी. एकच दगड दिवसातून दोनदा रूप पालटतो. जुन्या गवंड्याने त्याच्या जोडीला चुना घेतला. चुन्याचा पांढरा काळ्याशी कोणत्याही वेळी गल्लत करीत नाही.

आता अशा कामाची डागडुजी होते तेव्हा सांध्यांत सिमेंट भरतात. 'दगडही करडा, सिमेंटही करडे. उठून दिसणार नाही' असा त्यामागे हिशेब असतो. हा हिशेब करणाऱ्याने दोन्ही करड्यांना दुसरा प्रश्न विचारलेला नसतो. सिमेंटचा करडा किंचित हिरवट, दगडाहून फिका व सर्वत्र एकसारखा असतो. पाषाणाचा कल कधी निळ्याकडे तर कधी तपकिरीकडे. पाऊस पडला की दोघे निरनिराळ्या गतीने भिजतात व वाळतात, आणि भिंतीवर जाळे पसरल्यासारखे दिसू लागते. शिवाय सिमेंट चुन्यापेक्षा कठीण असून ओल कोंडून धरते, त्यामुळे दगडाचीही हानी होते. कोणी म्हणेल, मग दगडाच्या रंगाचा तैलरंगच सगळीकडे फासावा. हा उपाय रोगाहून वाईट. एका डब्यातला रंग पाषाणाच्या सर्व छटा पुसून टाकतो, आणि जिवंत दगडाच्या जागी दगडाचे चित्र उरते. दुरुस्ती चुन्यानेच करावी व ती दुरुस्ती म्हणून दिसू द्यावी, यात कमीपणा नाही.

घरातही हाच न्याय. आपल्याकडील पुष्कळ घरांत शहाबादी फरशी असते. तिचा करडा बहुधा निळसर. तिच्यावर निळसर पांढरी भिंत उभी केली तर खोली थंड व उदास भासते. किंचित पिवळ्याकडे कललेली मोतिया भिंत तिला ऊब देते. पण फरशीच्याच जवळचा करडा भिंतीस दिला तर फरशी मळकी वाटू लागते. म्हणून नमुन्याच्या कागदी तुकड्यावरून भिंतीचा रंग ठरवू नये. भिंतीवरच हात-दीड हाताचा चौकोन रंगवावा. तो फरशीजवळ, दाराच्या लाकडाजवळ पाहावा. सकाळी पाहावा आणि रात्री दिव्याखालीही पाहावा. दिवसाच्या उजेडात जुळलेले दोन रंग दिव्याखाली फारकत घेतात, हा अनुभव कापडाच्या दुकानातून साडीजवळचे पोलके आणणाऱ्या प्रत्येक गृहिणीला आहे. ती कापड दारापर्यंत आणून उजेडात पाहते. हीच खरी समीक्षा होय.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि त्यांच्या हौसेतून तेथे 1938 साली संग्रहालय उभे राहिले. तेथे राजा रविवर्म्याची चित्रेही आहेत. तैलचित्रातील पांढरे वस्त्र जवळ जाऊन पाहणाऱ्याला त्यात शुद्ध पांढरे फार थोडे आढळते; चुण्यांत निळसर, पिवळसर, तांबूस असे कितीतरी करडे निजलेले असतात. ते वेगळे दिसू लागल्यावर चित्रही निराळे दिसते, आणि चित्राबाहेर पडल्यावर गावही. ही नजर शाळेतील चित्रकलेच्या तासाला मुलांना देता येईल. खर्च काहीच नाही. दहा दगड, चार मूठ माती, थोडी लोकर आणि एक पांढरा कागद एवढे साहित्य पुरे. ज्या मुलाला त्या दहा दगडांत दहा रंग दिसू लागले, तो मोठा झाल्यावर आपल्या गावच्या घाटाला सिमेंट फासू देणार नाही, अशी आम्हांस आशा आहे.