आक्रोश आणि विमुक्ती : थेरीगाथेच्या वाचनासंबंधी

मनातील दुःख मोकळेपणाने बोलून टाकले की मन मुक्त होते, हा समज काव्यसमीक्षेतही रूढ झाला आहे. ॲरिस्टॉटलच्या विरेचन-सिद्धान्ताचा सैल आधार घेऊन थेरीगाथेकडेही या दृष्टीने पाहिले जाते. थेरींनी आपली व्यथा उघड केली आणि त्यामुळे त्या मोकळ्या झाल्या, असे सांगण्यात येते. हे वाचन आम्हांस अपुरे वाटते.

खुद्दकनिकायातील या ग्रंथात पालि टेक्स्ट सोसायटीच्या गणनेनुसार ५२२ गाथा आहेत. त्यांत आक्रोशास स्थान आहेच. पुत्रशोकाने भ्रमिष्ट झालेली वासेट्ठी विवस्त्र, मोकळ्या केसांनी, तहानभुकेने व्याकूळ होऊन तीन वर्षे उकिरडे आणि स्मशाने धुंडीत भटकली, हे तीच सांगते. या काळात तिच्या शोकास कोणताच बांध नव्हता. विरेचनाने मुक्ती मिळत असती, तर ती याच काळात मिळावयास हवी होती. तिचे चित्त ठिकाणावर आले ते मिथिलेकडे निघालेल्या तथागतांच्या दर्शनाने; प्रव्रज्या त्यानंतरची, धम्मश्रवणानंतरची होय.

उब्बिरीची गाथा अधिक विचारणीय आहे. ती ‘जीवा’ या मृत कन्येस हाका मारीत रडते. तथागत तिला स्वतःस जाणण्यास सांगतात आणि विचारतात, याच स्मशानात जीवा नावाच्या ८४,००० कन्या जळाल्या, त्यांतील कोणीसाठी हा शोक? एका मातेचे दुःख संख्येत बुडविणारा हा प्रश्न प्रथमदर्शनी कठोर वाटतो. परंतु उब्बिरीचे उत्तर निराळे आहे. हृदयात रुतलेले, दिसण्यास अवघड असे शल्य निघाले, असे ती म्हणते. शल्य रुतले असता ओरडणे स्वाभाविकच आहे. तथापि ओरडण्याने ते निघत नाही. ते कोठे रुतले आहे हे पाहावे लागते. रुदनाने चित्तास शांती लाभत नाही, उलट दुःख वाढते, असे सुत्तनिपातातील सल्लसुत्तही सांगते.

पटाचारेच्या सर्वनाशाची हृदयद्रावक कथा धम्मपालाच्या अट्ठकथेत येते. तिच्या स्वतःच्या गाथांत विलापाचा एकही शब्द नाही. पाय धुतलेले पाणी उताराने वाहताना ती पाहते. रात्री विहारात सुईने दिव्याची वात खाली ओढते आणि दिवा विझतो तसे तिचे चित्त विमुक्त होते. येथे काव्याचे सामर्थ्य पाहण्यात आहे.

हा केवळ पालि अभ्यासकांचा प्रश्न नव्हे. दलित कवितेवर ‘निव्वळ आक्रोश’ असा शिक्का अनेकदा मारला जातो. तिचे चाहतेही कधीकधी मनाचा निचरा एवढेच तिचे श्रेय मानतात. दोन्ही मते एकाच ठिकाणी पोहोचतात. निचरा झालेल्या दुःखाचे कारण कोणी विचारीत नाही, आणि म्हणून ते प्रस्थापितांस निरुपद्रवी ठरते. मुत्ता थेरी मात्र आपण कशापासून सुटलो ते नावे घेऊन सांगते : उखळ, मुसळ आणि कुबडा पती. तेथून ती जन्ममरणाच्या सुटकेपर्यंत जाते. दुःखसमुदयास नाव देण्याचे हे धैर्य ज्या कवितेत आहे, तिला आम्ही थेरीगाथेच्या कुळातील मानतो.